पानाची पाठ बघा आधी: कुंडीतल्या झाडांवरच्या लाल कोळीचा रसायनांशिवाय बंदोबस्त

घेवड्याची पानं फिकट पडायला लागली तेव्हा मी आधी पाणी वाढवलं, चार दिवसांनी खत घातलं, मग वाटलं ऊन जास्त होतंय म्हणून कुंड्या सावलीत सरकवल्या, आणि ह्या सगळ्या उद्योगात बारा-तेरा दिवस गेले. एकदा सहज एक पान उलटं केलं तर पाठीवर धूळ बसल्यासारखं काहीतरी दिसलं. बोटाने पुसायला गेले आणि धूळ चालायला लागली.

तर हे लिहितेय ते ज्यांच्याकडे धूळ नुकतीच चालायला लागलीये त्यांच्यासाठी. अनुभवी मंडळींना यातलं बरंच माहीत असणार, त्यांनी सरळ फवारणीच्या भागावर जा.

हा प्राणी नक्की आहे कोण

आपण सगळे लाल कोळी म्हणतो पण बऱ्याचदा तो लाल नसतोच, पिवळट हिरवा असतो आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग असतो. ते डाग म्हणजे त्याने खाल्लेलं जेवण, अंग पारदर्शक असल्यामुळे आतलं बाहेर दिसतं. शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी. मोठ्यात मोठी मादी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पेनाने टेकवलेल्या टिंबापेक्षाही लहान. पाय आठ (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच). हा किडा नाहीच मुळात, कोळी आणि गोचीड यांच्या खानदानातला आहे, आणि हे फक्त पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाहीये, कारण मावा-तुडतुड्यांसाठी जी औषधं आपण आणतो त्यातली बरीचशी याच्यावर चालतच नाहीत. उलट काहींनी तो वाढतो, त्यावर खाली लिहिलंय.

तो करतो काय, तर सुईसारख्या तोंडाने पानातली एकेक पेशी टोचतो आणि आतला हिरवा ऐवज शोषून घेतो. रिकामी झालेली पेशी म्हणजे एक फिकट ठिपका. असे हजारो ठिपके झाले की पान लांबून राखाडी-पिवळं दिसतं आणि आपण म्हणतो खत कमी पडतंय.

आता यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर त्याचा वेग. २७ ते ३० डिग्री तापमानात अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण एक आठवडा लागतो. २० डिग्रीच्या आसपास याच्या दुप्पट किंवा जास्त. एक मादी आयुष्यात शंभरेक अंडी सहज घालते. आणि नर भेटला नाही तरी तिचं काही अडत नाही, फळलेली नसलेली अंडीसुद्धा फुटतात, त्यातून नर निघतात, म्हणजे वाऱ्याबरोबर उडत उडत एकटी मादी तुमच्या गुलाबावर उतरली तरी संसार उभा राहतो. म्हणून "मागच्या आठवड्यात तर काहीच नव्हतं हो" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि ते खरंही असतं.

पहिली पायरी, खात्री करा

एक कोरा पांढरा कागद घ्या. संशय असलेल्या फांदीखाली धरा आणि फांदीवर बोटाने तीन-चार टिचक्या मारा. कागदावर कचरा पडेल, माती पडेल, परागकण पडतील. आता अर्धा मिनिट काही करू नका, नुसतं बघत राहा. जे टिंब जागा सोडेल ते जिवंत. मग कागद तिरका करा, म्हणजे माती-कचरा घरंगळून जातो आणि कोळी चिकटून राहतात. मी ती टिंबं मोजते आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालून आकडा लिहून ठेवते, याचा उपयोग पुढे होतो.

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असलं तर उत्तम. मोबाइलमध्ये मॅक्रो मोड असेल तर तेही चालतं, नुसतं झूम करून मात्र फार काही कळत नाही. पानाच्या पाठीवर मधल्या शिरेच्या कडेने बघायचं, तिथे त्यांची वस्ती दाट असते. फिरणाऱ्या कोळ्यांबरोबर गोल गोल पारदर्शक मोत्यासारखी अंडी दिसतील आणि पांढरी भुकटी दिसेल, ती भुकटी म्हणजे त्यांनी टाकलेल्या कातीचे तुकडे. जाळं दिसायची वाट बघू नका, पानापानांत जाळं दिसायला लागलं म्हणजे आपण बराच उशीर केलाय.

गोंधळ कशाकशाशी होतो ते पण सांगते. फुलकिडे असतील तर पानावर चांदीसारखे चट्टे येतात आणि त्यात बारीक काळी चमकदार विष्ठा असते, किडा लांबट असतो, गोल नाही. खत कमी पडलं तर पिवळेपणा एकसारखा पसरतो किंवा शिरांच्या हिशोबाने येतो, सुईने टोचल्यासारखे ठिपके नसतात.

मिरचीचं वेगळं आहे. मिरचीचा शेंडा आखडला, पानं अरुंद होऊन कडा खाली वळल्या, उलटी ठेवलेली होडी असते तशी, तर तो बहुतेक दुसरा कोळी, पिवळा कोळी म्हणतात त्याला. तो याच्याही निम्म्याने लहान, ०.२ मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही आणि जाळंही करत नाही. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर संशय फुलकिड्यांवर. हा वर-खालीचा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर दोन मिरच्यांची झाडं वाचली असती, मी व्हायरस आहे असं समजून उपटून टाकली.

आणि मातीवर धावणारा लालभडक मखमली जीव दिसला तर त्याला मारू नका, तो झाड खात नाही.

दुसरी पायरी, झाड बाजूला आणि खराब पानं पिशवीत

कुंडी उचलता येत असेल तर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, पानाला पान लागणार नाही इतकं तरी. कोळी चालत जातो, वाऱ्याने जातो आणि आपल्या हातांवरून, बाहीवरून पण जातो. म्हणून रोजची फेरी मारताना आधी चांगली झाडं आणि सगळ्यात शेवटी आजारी झाड. सुरुवातीला मी नेमकं उलट करायचे, उठल्या उठल्या आधी पेशंट बघायचा आणि तेच हात घेऊन बाकीच्या कुंड्यांत फिरायचं.

जाळं झालेली आणि अर्ध्याहून जास्त फिकी पडलेली पानं काढून टाका. पण आधी त्या फांदीवर पिशवी चढवायची, पिशवीच्या आतच कापायचं आणि तोंड बांधून टाकायचं. नुसतं कात्रीने कापून पानं खाली पाडली तर कोळी उठून परत खोडावर चढतात. बांधलेली पिशवी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून मग कचऱ्यात. उघड्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका, झाडाला श्वास घ्यायला काहीतरी राहू द्या. आणि झाड हंगामी असेल, घेवडा किंवा काकडीसारखं, त्याचं आयुष्य तसंही महिनाभरच उरलंय आणि सगळीकडे जाळं झालंय, तर भावनिक होऊ नका, पूर्ण झाडच पिशवीत घाला. माझ्या घेवड्याचं तेच केलं शेवटी.

तिसरी पायरी, पाणी (ह्याला कमी लेखू नका)

लोक ही पायरी गाळतात कारण पाण्याने काय होणार असं वाटतं. खरं सांगू का, सुरुवातीच्या प्रादुर्भावात निम्मं काम पाणीच करतं. जाळं तुटतं, फिरते कोळी वाहून जातात, धूळ जाते, आणि त्या धुळीमुळे अडलेले मित्रकीटक पण कामाला लागतात.

पण मारायचं कसं ते बघा. डावा हात पानाच्या वर आधाराला ठेवायचा, नळी किंवा स्प्रे खाली धरायचा आणि पाणी खालून वर मारायचं, पानाची पाठ चिंब होईल असं. धार इतकी जोरात हवी की हातावर टोचल्यासारखी वाटेल, पण पान फाटायला नको. प्रत्येक फांदी. हो, प्रत्येक. वरून अंघोळ घातली तर कोळी छत्रीखाली बसल्यासारखे निवांत बसून राहतात.

लहान कुंडी असेल तर मातीवर प्लास्टिक बांधून कुंडी आडवी करा, फार सोपं जातं. अगदी छोटं रोप असेल तर माती हाताने दाबून धरा आणि रोप उलटं करून पाण्याच्या बादलीत चार-पाच वेळा हलवून काढा. घरातल्या झाडांना बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवर, आणि रबर प्लांटसारखी मोठी पानं असतील तर ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून घ्या, फडकं दर झाडाला वेगळं.

हे सकाळी करा म्हणजे पानं दिवसभरात सुकतील, रात्रभर ओली राहिली तर बुरशी यायची. पहिले तीन दिवस रोज, नंतर एकाआड एक दिवस. अंडी मात्र पाण्याने सगळी निघत नाहीत, ती पानाला आणि जाळ्याला चिकटलेली असतात, म्हणून पुढची पायरी लागते.

चौथी पायरी, साबण किंवा निंबोळी तेल

दोन्हींचं तत्त्व एकच, अंगाला लागलं तर मरतो, नाही लागलं तर नाही. पानात शिरून आतून काम करणारं यात काही नाही. त्यामुळे औषध कोणतं याच्यावर तासभर वाद घालण्यापेक्षा पानाची पाठ पूर्ण भिजली का हे बघा.

साबण म्हणजे पोटॅशियमचा साबण, बागेसाठीचा म्हणून मिळतो तो. प्रमाण साधारण १ ते २ टक्के, म्हणजे एक लिटर पाण्याला १० ते २० मिली, पण प्रत्येक बाटलीतला साबण कमी-जास्त कडक असतो म्हणून लेबलवरचं प्रमाण पहिलं. कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड हे वापरू नका, ते खरं तर साबण नसतातच, डिटर्जंट असतात, तेलकटपणा काढायला बनवलेले, ते पानावरचा मेणाचा थरही काढतात आणि मग पानाच्या कडा जळतात.

पाणी जड असेल, म्हणजे बादलीवर पांढरे थर बसत असतील, तर साबण फुकट जातो. तपासायला थोडं द्रावण बाटलीत हलवून बघा, फेसाऐवजी वर दह्यासारखी साय तरंगली तर ते पाणी सोडा, पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं घ्या.

निंबोळी तेल, ज्याला सगळे नीम ऑइल म्हणतात, एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही हे उघड आहे पण घाईत सगळे विसरतात आणि मग वर तेल, खाली पाणी असं फवारतात, पहिल्या झाडाला नुसतं पाणी आणि शेवटच्या झाडाला नुसतं तेल, ते झाड मेलंच. आधी पाण्यात १-२ मिली तो पोटॅशियम साबण घालून ढवळायचा, मग तेल बारीक धारेने सोडत ढवळत राहायचं, पाणी दुधासारखं पांढरं झालं की झालं. फवारताना मधे मधे बाटली हलवायची. तयार केलेलं त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका, ते फुटतं. तेलाचा फायदा हा की ते अंड्यांनाही थोडंफार गुदमरवतं, साबणाचा अंड्यांवर तितका जोर नाही.

आता वेळ. संध्याकाळ, ऊन उतरल्यावर, आणि झाडाला सकाळीच पोटभर पाणी पाजलेलं असताना. तहानलेल्या, मान टाकलेल्या झाडावर तेल किंवा साबण कधीच नाही. तापमान ३२ डिग्रीच्या वर असेल तर थांबा. मी गुलाबावर दुपारी दोनला निंबोळी तेल मारलंय, "लवकर सुकेल" ह्या हुशारीने, आणि तिसऱ्या दिवशी पानं तळल्यासारखी तपकिरी झाली, कोळ्यांपेक्षा जास्त नुकसान मीच केलं.

कुठल्याही झाडावर पहिल्यांदा मारताना दोन-तीन पानांवर मारून ४८ तास वाट बघा. फर्न, नाजूक रोपं आणि ज्या सक्युलंटवर पांढरी राख असते ती झाडं फार हळवी असतात. फुलं उमलली असतील तर मधमाश्या घरी गेल्यावरच. भाजी असेल तर तोडायला आलेली आधी तोडून घ्या, मग फवारा, आणि औषधाच्या लेबलवर थांबायचे दिवस लिहिलेले असतील तर ते पाळा.

कॅलेंडर, इथेच सगळे आपटतात

समजा रविवारी तुम्ही मन लावून फवारलं, फिरणारे सगळे मेले. सोमवारी झाड बघून आपण खूश. पण अंडी तशीच आहेत आणि गरमीत ती तीन-चार दिवसांत फुटतात. बुधवार-गुरुवारी पिल्लं बाहेर, पुढच्या रविवारपर्यंत त्यातल्या माद्या अंडी घालायच्या तयारीत. म्हणजे आठवड्यातून एकदा फवारणारा माणूस कायम एक पिढी मागे असतो.

म्हणून गरम दिवसांत पहिला दिवस, चौथा, सातवा आणि दहावा, अशा चार फवारण्या. थंडीत अंतर पाच ते सात दिवस चालतं कारण त्यांचंही सगळं सावकाश चालतं. मोबाइलमध्ये चारही अलार्म आजच लावून टाका, तिसरी फवारणी आपण हमखास चुकवतो कारण तोवर झाड बरं दिसायला लागलेलं असतं.

आणि कागद. माझ्या एका गुलाबाचे आकडे असे होते: सुरुवातीला ४०, पहिल्या फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी ६, चौथ्या दिवशी फवारायच्या आधी १९. तो १९ बघून मी जवळजवळ रडकुंडीला आले, वाटलं औषध बोगस आहे. पण भिंगातून बघितलं तर त्यातले बहुतेक एकदम पिटुकले, सहा पायांचे. अंडी फुटली होती, बस. ह्याच वेळी लोक औषध बदलतात आणि नवीन प्रयोग सुरू करतात. बदलू नका, दुसरी फवारणी मारा. सातव्या दिवशी ८ झाले, दहाव्याला २.

जुनी पानं परत हिरवी होत नाहीत हेही लक्षात असू द्या, रिकाम्या झालेल्या पेशी भरत नाहीत. औषध लागू पडलं का हे नवीन पानांवरून ठरवायचं. मी शेंड्याजवळच्या एका पानाच्या देठाला दोरा बांधून ठेवते, दोऱ्याच्या वरची पानं स्वच्छ आली म्हणजे जमलं.

गंधक कधी

पाण्यात मिसळणारं गंधक, वेटेबल सल्फर, हे कोळ्यांवरचं जुनं हत्यार आहे आणि सेंद्रिय शेतीत चालतं. मिरचीवरच्या त्या न दिसणाऱ्या पिवळ्या कोळीसाठी मी तेच वापरते, लिटरला २ ग्रॅम, शेंडा आणि कोवळी पानं नीट भिजवून. पण अटी आहेत. ३२ डिग्रीच्या वर नाही. तेल मारलं असेल तर मधे किमान दोन आठवडे जाऊ द्या, आणि गंधकानंतर तेल मारतानाही तेच, दोन्ही एकत्र आले की पानं भाजतात. काकडी, खरबूज अशा वेलांना गंधक सोसत नाही बऱ्याचदा. आणि ते कोळी खाणाऱ्या चांगल्या कोळ्यांनाही मारतं. नाकातोंडाला फडकं बांधा, डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं.

ज्यांना मारायचं नाही ते

हो, कोळी खाणारे कोळी असतात. नारिंगी-लालसर, नासपतीसारखा आकार म्हणा, चकचकीत, आणि पानावर सुसाट पळणारे. आपला झाडखाऊ कोळी रेंगाळत चालतो, हा पळतो, ओळखायची सोपी खूण तीच. त्याशिवाय दीड मिलिमीटरचा काळा कुळकुळीत भुंगेरा दिसेल, तो ढालकिड्यांच्या घरातला आहे आणि कोळी हेच त्याचं मुख्य जेवण. केसाएवढ्या देठावर टांगलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा नावाच्या मित्रकीटकाची, तीही राहू द्या, त्याच्या अळ्या खादाड असतात.

कागदावर दहा कोळ्यांमागे एक पळणारा शिकारी दिसत असेल तर मी फवारा हातात घेत नाही, फक्त पाणी मारते आणि आठवडाभर बघते. बऱ्याचदा ते आपणहून आवरतात.

शिकारी कोळी विकतही मिळतात काही ठिकाणी. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा फक्त जाळं करणारे कोळीच खातो, जाळ्यातही बिनधास्त शिरतो, पण त्याला दमट हवा लागते, ६० टक्क्यांच्या वर, आणि खाणं संपलं की तोही संपतो. निओसियुलस कॅलिफॉर्निकस कोरड्या गरम हवेत जास्त टिकतो आणि कोळी नसले तर परागांवर दिवस काढतो. गच्चीवरच्या भट्टीत दुसराच बरा. सोडायच्या आधी साबणाच्या फवारणीने संख्या कमी करून घ्या, साबण सुकल्यावर त्याचा असर राहत नाही त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडले तरी चालतात. गंधक किंवा तेल मारलेल्या पानांवर लगेच नाही.

बिव्हेरिया ही बुरशी पण लोक वापरतात, तिला दमट हवा लागते, कोरड्या उन्हाळ्यात माझा तरी अनुभव यथातथाच. पाऊस-पाण्याच्या दिवसांत संध्याकाळी मारून बघा, फक्त गंधकाबरोबर नको, ते बुरशीनाशकच आहे.

काय करू नका

मावा दिसला म्हणून इमिडाक्लोप्रिड किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइडवालं औषध मारणं. मावा जातो, बरोबर शिकारी पण जातात, आणि पंधरा दिवसांत कोळ्यांचा पूर येतो. इमिडाक्लोप्रिडने तर कोळ्यांच्या माद्या जास्त अंडी घालतात असंही दिसून आलंय. तसंही ह्या एका कोळीने आजवर ९०हून जास्त रसायनांना पचवायला शिकून घेतलंय, त्यामुळे "अजून कडक काहीतरी द्या" ही लढाई आपण घरच्या बागेत जिंकणार नाही.

लसूण-मिरचीचा काढा, खायचा सोडा, कॉफी. करून बघितलंय. सोड्याने पानं जळली, काढ्याने माझे डोळे. कोळी होते तिथेच होते. स्पिरिटने एखादं जाड पान पुसायला हरकत नाही पण अख्ख्या झाडावर फवारू नका.

दिवसातून चार वेळा फुसफुस पाणी शिंपडणं. कोळीला कोरडं आवडतं हे खरं, पण ती फवार पाच मिनिटांत उडून जाते, हवेतला दमटपणा काही बदलत नाही. त्यापेक्षा एकदाच पाठीवर धार मारा.

परत येऊ नये म्हणून

माझ्याकडे दरवर्षी पहिला कोळी एकाच जागी सापडतो, भिंतीला टेकलेल्या कुंडीत. भिंत तापते, वारा नाही, धूळ साचते आणि ती कुंडी लहान म्हणून दुपारपर्यंत सुकून जाते, कोळीला अजून काय पाहिजे. कुंडी भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं तेव्हापासून फरक पडला. झाड तहानलेलं असलं की कोळी जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचा खंड पडू देऊ नका.

दुसरं म्हणजे नायट्रोजन. युरिया असो नाहीतर सेंद्रिय, नायट्रोजन जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि कोळीचं पोषण उत्तम होतं, अंडी वाढतात. लागण झालेली असताना खत बंद, झाड सावरल्यावर थोडं थोडं.

नवीन आणलेलं झाड दोन आठवडे वेगळं ठेवा आणि ह्या काळात दोनदा कागदाची टेस्ट करा, नर्सरीतून आलेली किती झाडं कोळी घेऊन येतात ते बघून धक्का बसेल. कुंडीत उगवलेलं तणही उपटा, त्याच्या पानांखाली ते लपून असतात.

आठवडाभराच्या अंतराने दोन कागद कोरे आले की फवारणी बंद करा, उगाच मारत बसू नका. त्यानंतर आठवड्यातून एकदा फेरी, आणि त्या फेरीत सगळी झाडं तपासायची गरज नाही. गुलाब, वांगी, घेवडा, झेंडू यांची खालची जुनी पानं आणि भिंतीजवळची ती एक कुंडी, एवढंच उलटून बघा. कोळी आला तर आधी तिथेच येतो.